धर्मकाट्यावरचं मत

“उतरू नका, भाऊ! काट्यावरून खाली पाय ठेवायचा नाही! काय बोलायचं ते तिथूनच बोला!”

मापाडी चाचा केबिनच्या खिडकीतून अर्धे बाहेर लोंबून ओरडत होते. कापसाच्या बाजारात गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेलेली. त्या गळ्याने ते नुसते खाकरले, तरी दिग्रसच्या स्टँडातून सुटलेली पुसदची बस दचकून थांबायची. ती सगळी ताकद त्या दिवशी आमच्यावर लागली होती.

आम्ही म्हणजे भरल्या गाड्या तोलणाऱ्या धर्मकाट्याच्या लोखंडी पाटावर उभे असलेले चार जीव. नारळ घेतलेले आमदारसाहेब, पूजेचं ताट घेतलेला मी, आणि हंगामातल्या पहिल्या कापूसगाडीचे दोन बैल. गाडीवान हुशार निघाला. चाचांचा पहिला शब्द ऐकताच कासरा टाकून तो खाली उतरला आणि गर्दीत असा मिसळला की जणू तो कधी गाडीवान नव्हताच. मीही उडी टाकणार होतो. पण ताटात वात पेटलेली होती, मागे गाडीभर कापूस होता, आणि पेटती वात घेऊन कापसाजवळून पळणाऱ्याला आमच्या जिल्ह्यात आधी मारतात, मग गाव विचारतात.

मी तसा भिणारा माणूस नाही. टिपेश्वरच्या जंगलात वाघ आणि मी एकाच नाल्यावर पाण्याला आलो तेव्हा वाघाने मला आधी पिऊ दिलं होतं. हे मी कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितलेलं आहे आणि अजून कोणी खोडून काढलेलं नाही, वाघानेसुद्धा नाही. पण त्या काट्यावर माझे पाय असे लटपटायला लागले की वजन दाखवणारे लाल आकडे एका जागी ठरेनात. पाट खालून किंचित हलत होता. जमीन हललेली परवडते, ती सगळ्यांची हलते. हा पाट फक्त आमचा हलत होता.

मुळात आम्ही तिथे चढलोच कसे, ते सांगतो.

मी साहेबांचा पीए. त्याआधी शाळेत शिकवत होतो, म्हणून साहेब मला गुर्जीच म्हणायचे. माझं काम एकच, विधेयकं सांगायची. साहेबांना छापील कागद समोर आला की झोप लागे. झोप कसली, समाधी. एकदा सभागृहात ते असे घोरले की बाकावरच्या माइकने ते भाषणातलं वाक्य आहे असं समजून उचललं आणि विरोधी पक्षाने त्यावर खुलासा मागितला. म्हणून अधिवेशन जवळ आलं की जीपमध्ये मी मागे बसून एकेक विधेयक गोष्टीसारखं सांगायचो. साहेब पुढे बसून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, “म्हणजे आपल्याले काय म्हणायचं हाय?” दारूच्या दुकानांचं विधेयक असो की सहकारी संस्थांचं, त्यांचं तत्त्व एक होतं. विधेयक म्हणजे पाहुण्याच्या घरची भाजी. चांगली म्हणावी आणि कमी वाढून घ्यावी.

हे तत्त्व सगळीकडे चाललं. कापसाच्या विधेयकाला चाललं नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते येणार होतं. साध्या भाषेत सांगायचं तर, कापूस बाजाराच्या आवारातच आणला पाहिजे, ही अट जाणार होती. व्यापाऱ्याने वाटेल तिथे घ्यावा. गावात, शेतात, रस्त्याच्या कडेला, आपल्या आपल्या काट्यावर. व्यापारी म्हणत, सौदा मोकळा होईल, भाव चढेल. काही शेतकऱ्यांनाही ते पटत होतं. पण पारावर बसलं की कोणीतरी म्हातारा हळूच विचारायचा, “ते ठीक हाय. पण काटा कोनाचा?” आणि पारावरचे सगळे आपापला तंबाखू मळायला लागायचे. आवारातला काटा चाचांचा होता. म्हणजे ना घेणाऱ्याचा, ना देणाऱ्याचा. गाड्या आवारात आल्याच नाहीत, तर चाचा कोणाचं मोजणार, आणि गाड्या रिकाम्या करणारे हमाल काय उचलणार? चाचांचे वडीलही मापाडी होते. घरात दुसरा धंदा कोणी शिकलेलंच नव्हतं.

ती वर्षं कशी होती ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. बोंडं आतून किडायची, भाव वरून किडायचा. खरेदी केंद्र आज उघडलं म्हणून गाड्या जुंपाव्या, तर वाटेतच कळायचं की बंद झालं. आधी लोक ओरडायचे. मोर्चा आणायचे, आमच्या जीपवर गोटे मारायचे, आणि साहेब मजेत असायचे. म्हणायचे, “गोटा मारते म्हणजे मानूस आपलाच हाय, गुर्जी. अजून त्याले आपल्याकडून आशा हाय.” मग हळूहळू लोक ओरडायचेच थांबले. जीप गावात शिरली की ओट्यावर बसलेली माणसं नुसती बघत राहायची. तेव्हापासून साहेब भ्यायला लागले. गाव आलं की काच वर करायचे, आणि वाघाचा दोस्त असलेला मी मागच्या सीटवर खाली सरकायचो.

अशा दिवसांत साहेबांना दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. आधी व्यापाऱ्यांच्या फराळाचं. तिथे गरम कचोरी होती, मऊ खुर्च्या होत्या. साहेब म्हणाले, “विधेयकाच्या मांगं मी पहाडासारखा उभा हाय.” आठवड्याने हमालांची सभा झाली. तिथे खुर्ची नव्हती, गाठी उचलायचे लोखंडी आकडे मात्र प्रत्येकाच्या खांद्यावर होते. साहेब म्हणाले, “हे विधेयक माह्या मुडद्यावरून जाईन!” दोन्हीकडे टाळ्या पडल्या. परत येताना मी म्हटलं, “साहेब, हे कुठंतरी भिडीन.”

साहेब म्हणाले, “कुठं भिडते? शेठ हमालाच्या सभेले जात नाही आन् हमालाले शेठ कचोरी देत नाही. दोघं भेटतात कुठं?”

बोलणं बिनतोड होतं. एकच दिवस आम्ही दोघं विसरलो होतो.

काटापूजनाचा दिवस. हंगामातली पहिली गाडी आवारात येते, तिला हार घालतात, गाडीवानाला शेला-नारळ देतात, काट्याला हळद-कुंकू लावून त्याच्यापुढे नारळ फोडतात, आणि मग खरेदी सुरू होते. वर्षातला हा एकच दिवस, जेव्हा शेठ, हमाल, शेतकरी, मापाडी, चहावाला, झाडून सगळे एका आवारात एका वेळी उभे असतात. नारळ फोडायला आमदार लागतो. आणि त्या बाजारात एक जुनी समजूत होती. पूजेच्या दिवशी, नारळ फुटेपर्यंत, काट्यावर उभं राहून खोटं बोलायचं नाही. बोललं तर त्या वर्षी कोणाचंच माप खरं येत नाही. म्हणून शहाणी माणसं त्या दिवशी काट्यावर चढतच नसत, चढली तर तोंड शिवून चढत. पूजा करणारे लोक काट्याच्या कडेला, जमिनीवर उभे राहून करायचे.

साहेबही जमिनीवरच उभे होते. पण फोटो काढणारा म्हणाला, “साहेब, थोडे वर या ना, बैलांच्या मंधात. फोटो मस्त येईन.” फोटो म्हटल्यावर साहेब विहिरीतसुद्धा उतरले असते. ते चढले. ताट माझ्याकडे होतं, म्हणून मीही चढलो. वर गेल्यावर समोर एवढी माणसं दिसली की साहेबांना राहवलं नाही. नारळ उंच धरून त्यांनी सुरुवात केली.

“बंधूंनो! अधिवेशनात जे विधेयक येऊन राह्यलं, त्याच्याबद्दल माही भूमिका तुमाले ठाऊकच हाय!”

डावीकडून, मंडपातल्या खुर्च्यांवरून, शेठ लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी उजवीकडून हमालांनीही वाजवल्या.

मग डावीकडच्यांनी उजवीकडे पाहिलं. उजवीकडच्यांनी डावीकडे पाहिलं. टाळ्या अशा थांबल्या की शेवटची टाळी कोणाच्यातरी दोन हातांच्या मध्येच राहून गेली. आणि त्या शांततेत खिडकीतून चाचा बाहेर आले.

“उतरू नका, भाऊ!”

साहेबांचा एक पाय खाली जायला निघालेला होता. तो तसाच हवेत राहिला.

“चाचा,” साहेब गोड आवाजात म्हणाले, “नारळ तं फोडू द्या.”

“नारळ कुठं पयून चालला? आधी सांगा. विधेयकाले हो म्हणनार का नाही म्हणनार?”

“मी काय म्हनलो होतो ते...”

“तुमी लय काही म्हनले. इथं एक म्हना.”

कोणी हसलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे मयतीतसुद्धा अशा बोलण्याला कोणीतरी हसतं. माणसं पुढे सरकली. घोषणा नाही, शिवी नाही, चपलांचा फक्त खसखस आवाज. काट्याभोवती त्यांचं रिंगण झालं. हमालांनी खांद्यावरचे आकडे काढून हातात घेतले होते. कदाचित खांदे दुखत असतील. माझ्या मनात मात्र प्रत्येक आकड्याला माझा एकेक अवयव लटकून झाला होता. बंदोबस्ताला दोन पोलीस होते. त्यातला एक बैलाच्या आडोशाला उभा राहून टोपी काढून पुसत होता आणि दुसरा दिसतच नव्हता.

त्या रिंगणात पुढे एक बाई उभी होती. कापूस वेचणारी असावी, बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी फाटलेली. ती साहेबांकडे रागाने बघत नव्हती. दवाखान्यात डॉक्टरकडे बघतात तशी बघत होती. मला आकड्यांपेक्षा तिची जास्त भीती वाटली. आकडा मारला तर माणूस ओरडू तरी शकतो.

साहेबांचा घाम नारळावर टपकायला लागला. ओठ न हलवता ते म्हणाले, “गुर्जी, काय बोलू?”

मीही ओठ न हलवता म्हणालो, “साहेब, खरं काय हाय?”

“मले काय ठाऊक? मुंबईहून पक्षाचा आदेश आला तं हो म्हणा लागते. नाही आला तं पाहू.”

“मंग तेच सांगा.”

“मारतीन ना बे!”

खरंच मारलं असतं. हो म्हटलं तर उजवीकडच्यांनी, नाही म्हटलं तर डावीकडच्यांनी, आणि ‘पाहू’ म्हटलं तर दोघांनी मिळून. त्या बाजारात शेठ आणि हमाल एकत्र येण्याचं ते पहिलंच कार्य ठरलं असतं.

तेव्हा साहेबांनी जे केलं ते फक्त आमदारच करू शकतो. ते ताठ झाले, घसा साफ केला आणि म्हणाले, “बंधूंनो, विधेयकाचा सगळा अभ्यास आमचे गुर्जी करतात. माहं मत ते सांगतीन.”

आणि दोन पावलं मागे सरकून ते बैलाच्या पलीकडे उभे राहिले.

सगळं रिंगण माझ्याकडे वळलं. मी तोंड उघडलं. या तोंडातून आजवर काय नाही निघालं! वणीच्या खाणीत कोळशाच्या आत सापडलेला जिवंत बेडूक, त्याला फुटलेली मिशी, सगळं निघालेलं आहे. पण तेव्हा तोंडाचं कोरडं भोक झालं. ताटातलं कुंकू सांडून माझ्या पांढऱ्या पायजम्यावर उतरलं, आणि मला वाटलं, झालं, सुरुवात झाली. चाचांकडे पाहिलं. एवढा गळ्याचा माणूस, पण खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरून होता, पुरात झाड धरतात तशी. तेव्हा कळलं की तेही भ्यालेले आहेत. आमदाराला काट्यावर अडवलेला मापाडी उद्या कुठे जाईल, हे त्यांनाही कळत होतं. पण आज विचारलं नाही, तर पुढच्या हंगामात विचारायला काटाच उरायचा नाही.

मी काही बोललोच नसतो. पण माझ्या मागे उभ्या असलेल्या बैलाने मान लांब केली आणि माझ्या मानेवरून खरखरीत जीभ फिरवली.

मला वाटलं, आकडा.

ताट हातातून सुटून पाटावर आदळलं, वात विझली, आणि मी जे ओरडलो ते दारव्ह्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. काय ओरडलो ते मला शपथेवर सांगता येत नाही. मला वाटतं, मी ‘आई’ म्हणालो. साहेब म्हणतात, मी ‘बाप्पा’ म्हणालो. पण आवारातली सगळी माणसं आजही सांगतात की गुर्जींनी दोन्ही हात वर करून, छाती फाडून सांगितलं, “नाही! नाही! नाही!”

असेल. मरायला टेकलेला माणूस तेच म्हणतो.

रिंगण फुटलं. हमालांनी आकडे फेकले आणि साहेबांना उचललं. साहेब नारळासकट वर गेले. तो नारळ कोणी, कुठे आणि कशावर फोडला ते कळलं नाही, पण खोबरं मात्र सगळ्यांना मिळालं. चाचा केबिनमधून उतरले, माझ्यासमोर आले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“गुर्जी, काट्यावर बोलले तुमी,” ते म्हणाले. “आता हमको डर नहीं.”

त्यांची भीती गेली. ती कुठे गेली ते मला माहीत आहे. माझ्या पोटात आली आणि तिथेच राहिली.

परतीच्या रस्त्यावर, बोरी अरबच्या अलीकडे, एक पांढरी गाडी आम्हाला ओलांडून आडवी उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. साहेबांनी काच वर केली. मी सीटखाली जायला बघितलं, पण तिथे आधीच हारांची टोपली होती. गाडीतून व्यापाऱ्यांचे मोठे शेठ उतरले. एकटेच, हातात छोटी पिशवी. त्यांनी काचेवर एका बोटाने टकटक केली. अगदी हळू. साहेबांनी काच खाली केली.

“कचोऱ्या राहून गेल्या होत्या, भाऊ,” शेठ म्हणाले, आणि पिशवी साहेबांच्या मांडीवर ठेवली. “तिथे जे बोलले ते बराबर बोलले. तिथे तसंच बोलावं लागते. नागपूरला सभागृहात काही काटा नाही.”

ते हसले आणि निघून गेले. कचोऱ्या गरम होत्या. साहेबांनी एकही खाल्ली नाही. ज्या माणसाला अभिभाषणात झोप लागायची, तो माणूस सरळ रस्त्यावर डोळे ताणून बसला होता.

अधिवेशन सुरू झालं. चाचांनी निरोप पाठवला होता की हमाल रोज चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकतात. विधेयक ज्या दिवशी यायचं होतं त्या दिवशी मी विधानभवनाच्या आवारात एका झाडाखाली उभा होतो. तासाभराने एक ओळखीचा शिपाई धापा टाकत आला. म्हणाला, “झालं तुमचं विधेयक.”

“झालं म्हणजे? चर्चा?”

“कायची चर्चा? कोनाच्या तरी राजीनाम्यावरून गोंधळ सुरू होता. सगळे मंधात उतरून ओरडून राह्यले होते. अध्यक्षांनी विचारलं, हो म्हणनारे? नाही म्हणनारे? त्या बोंबेत कोन काय म्हनलं देवाले ठाऊक. मंजूर.”

साहेब बऱ्याच वेळाने बाहेर आले. तोंड पुसत होते. मी धावत गेलो. “साहेब, तुम्ही काय म्हटलं? हो का नाही?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. “मी जेवाले गेलतो,” ते म्हणाले. मग जीपमध्ये बसता बसता म्हणाले, “तू जाऊन सांग त्यायले. तुह्यावर त्यायचा भरोसा हाय.”

मी दिग्रसच्या बसमध्ये बसलो तेव्हा घरी काही निरोप ठेवावा का, असा विचार करत होतो. खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या दिसत होत्या, आणि प्रत्येक पऱ्हाटीमागे एक हमाल दिसत होता. बस पंक्चर व्हावी म्हणून मी नवस बोललो. त्या बसचं चाक रोज पंक्चर व्हायचं. त्या दिवशी झालं नाही.

आवारात गाड्या होत्या, पण थोड्या. हमाल सावलीत बसले होते, आकडे बाजूला. मला पाहून कोणी उठलं नाही. मी धर्मकाट्याला लांबून वळसा घातला, चुकून पाय पडू नये म्हणून. केबिनच्या दाराशी गेलो. चाचा स्टुलावर बसून फडक्याने खिडकीची काच पुसत होते. रेडिओवरून त्यांना कळलेलं होतं. चेहऱ्यावरून काहीच समजत नव्हतं, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. त्यांनी ओरडावं, दोन शिव्या द्याव्या, फडकं तोंडावर मारावं, असं मी मनापासून म्हणत होतो.

“चाचा,” मी म्हणालो, “विधेयक झालं मंजूर.”

“हो.”

“साहेबांनी हो म्हटलं नाही, चाचा. खरं सांगतो.”

“मंग नाही म्हनलं?”

“नाही पण म्हटलं नाही. ते तवा जेवाले गेलते.”

चाचांनी फडकं झटकलं, काचेच्या दुसऱ्या कोपऱ्याला लावलं.

“जेवले का मंग?” ते म्हणाले.